शेवटचा स्क्रू कुठे आहे?

जून हा स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या विकाराच्या, जागृतीचा महिना. त्यामुळे ते जोडीचे एक्स-रे पुन्हा छापून आले. डावीकडे नागमोडी कणा, उजवीकडे दोन सळया आणि स्क्रूंच्या रांगांनी ताठ केलेला, खाली सर्जनचं नाव. मला दर वेळी भागवतातली कुब्जा आठवते. कृष्णाने तिच्या पावलांवर पाय दाबला, हनुवटीला दोन बोटं लावून तिला वर उचललं आणि ती सरळ झाली. पुढे चाळिशीत तिची कंबर दुखली का, हे कुणी विचारलं नाही. पुराणाला ते माफ आहे, आरोग्य खात्याला नाही.

शस्त्रक्रिया करू नये, असं मुळीच म्हणायचं नाही. वाढत्या वयात वाक 45-50 अंशांच्या पुढे गेला की तो बहुधा वाढतच राहतो आणि फार वाढला तर फुप्फुसांना जागा उरत नाही. ब्रिटनच्या राजकन्या युजीनी यांची ही शस्त्रक्रिया 2002 मध्ये, बाराव्या वर्षी झाली. 2018 मध्ये लग्नात त्यांनी मुद्दाम पाठीवर खोल गळ्याचा पोशाख घातला, व्रण दिसावा म्हणून. आपल्याकडे स्थळ बघायला पाहुणे आले की तोच व्रण पदराखाली जातो आणि त्याच्याबरोबर ऑपरेशनची फाइलही कपाटात जाते. ही फाइल कपाटात जाणं मला व्रण लपवण्यापेक्षा जास्त घातक वाटतं. ते का, हे पुढे येईलच.

सळया आणि स्क्रू मणक्यांना नुसते धरून ठेवतात. खरं काम हाडाचं. मणक्यांवर हाडाचे बारीक तुकडे पसरतात आणि काही महिन्यांत ते जुळून सलग हाड होतं. जेवढे मणके जुळले तेवढा भाग कायमचा वाकेनासा होतो. घरचे विचारतात, कोन किती कमी झाला? विचारायला हवं ते हे, की शेवटचा स्क्रू कोणत्या मणक्यात आहे? कमरेला पाच मणके. जोडणी पहिल्या-दुसऱ्यावर थांबली तर खाली हालचालीला बरीच जागा उरते. चौथ्यापर्यंत गेली तर कमरेचं सगळं वाकणं खालच्या दोन गाद्यांवर येतं.

आता हा हिशेब गोंदिया जिल्ह्यात मांडून बघा. जुलैत भाताचे पऱ्हे उपटायचे, चिखल केलेल्या बांधीत कमरेतून वाकून दिवसभर रोवणी करायची, आणि हे काम मुख्यतः बायकांचं. वाढत्या वयात वाक जोमाने वाढतो तोही मुलींमध्येच जास्त. डिस्चार्ज कार्डावर ‘वाकू नका, जड उचलू नका’ लिहिलेलं असतं. अर्जुनी मोरगावात किंवा सालेकशात रोवणीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात तो कागद किती हंगाम टिकणार? स्वीडनमध्ये डॅनियलसन आणि नाकेमसन या डॉक्टरांनी हॅरिंग्टन सळई बसवलेल्या रुग्णांना सरासरी 23 वर्षांनी तपासलं. कंबरदुखी इतरांपेक्षा थोडी जास्त होती, पण रोजचं आयुष्य बहुतेकांचं जवळपास इतरांसारखंच चाललं होतं. दिलासा देणारा निष्कर्ष आहे, मान्य. मात्र स्वीडनमध्ये रोवणी नसते.

ही हॅरिंग्टन सळई ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी घडवली, 1962 मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि ती जगभर गेली. ती कणा ताणून सरळ करायची, पण त्या ताणात कमरेचा नैसर्गिक बाकही सपाट व्हायचा. असे रुग्ण वयाबरोबर पुढे झुकतात आणि सरळ उभं राहायला गुडघे वाकवतात. आजच्या स्क्रूंनी हा दोष बराच कमी केला आहे, पुरता संपवलेला नाही.

हाड जुळलंच नाही तर भार सळईवर राहतो आणि तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तशी ती काही वर्षांनी तुटते. अचानक नवी कळ, कधी ‘कट्’ असा आवाज, अंग एका बाजूला कलणं, अशी लक्षणं दिसली तर पट्टा बांधून आणि मालिश करून वेळ काढू नये. व्रणावर कित्येक वर्षांनी उठलेली, पू येणारी पुळीही साधी नसते. ती आतल्या धातूभोवतीच्या जंतुसंसर्गाची खूण असू शकते. नुसत्या मलमावर ती दाबून ठेवण्यात महिने जातात. गोंदियात आणखी एक गुंता आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. अशा रुग्णाची पाठ दुखली की दोष सळईवर जातो. ते दुखणं सिकलसेलच्या क्रायसिसचं असू शकतं, हाडातल्या संसर्गाचंही.

आणि आता ती कपाटातली फाइल. चौदाव्या वर्षी ऑपरेशन झालेली मुलगी बाविसाव्या वर्षी बाळंतपणाला गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात येते, सिझेरियन ठरतं. भूलतज्ज्ञाला कमरेत सुई द्यायची आहे. कोणते मणके जुळलेले आहेत? जोडणी वरच थांबली असेल तर सुई नेहमीच्या जागी देता येते. खालपर्यंत असेल तर जागाच सापडत नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागू शकते. प्रसूतीच्या घाईत एक्स-रे काढत बसायचं नसतं. ‘अमुक मणक्यापासून अमुक मणक्यापर्यंत, धातू टायटॅनियम’ एवढी एक ओळ सगळा प्रश्न सोडवते. लग्न होऊन ती बालाघाटला किंवा राजनांदगावला गेली असेल तर ही ओळ आणखी मोलाची. एमआरआय चालेल का, या नेहमीच्या शंकेचं उत्तरही तिच्यातच आहे. टायटॅनियम असेल तर सहसा चालतो, फक्त सळईजवळचं चित्र धूसर येतं. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असो वा नागपुरात, ही ओळ मराठीत लिहून, प्लास्टिकच्या कार्डात घालून द्यायला खर्च तो किती?

दिव्यांग प्रमाणपत्राचा तिढा वेगळाच. 2016 च्या कायद्याने बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागतं. कण्याच्या मोजणीत वाकाचा कोन धरला जातो आणि ऑपरेशनने नेमका तोच कमी केलेला असतो. रोवणी झेपत नाही, ही गोष्ट त्या कोनात बसत नाही.

मला आशा वाटते ती शेजारच्या जिल्ह्याकडे बघून. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचं स्पाइन फाउंडेशन गडचिरोलीत पोहोचलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेबरोबर शोधग्रामात त्यांनी मणक्याच्या रुग्णांची तपासणी आणि शस्त्रक्रिया सुरू केल्या. मोठ्या शहरातला तज्ज्ञ रुग्णाच्या गावाकडे जातो, ही उलटी वाट मला कुठल्याही नव्या स्क्रूपेक्षा मोठी वाटते. गोंदियात तर 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथे कण्याची मोठी शस्त्रक्रिया व्हावी, असा हट्ट आज नाही, त्यासाठी नागपूर रेल्वेने 130 किलोमीटरवर आहे. पण महिन्यातून एक दिवस, जिल्ह्यातल्या ऑपरेशन झालेल्या पाठींची ओपीडी? उभ्याने काढलेला एक्स-रे, व्रणावर एक नजर, आणि रोवणीऐवजी घरच्यांनी कोणतं काम द्यावं याचा स्पष्ट लेखी सल्ला. तोही जूनमध्येच मिळावा, पऱ्हे उपटायच्या आधी.