वडील गेले, कर्ज राहिले : फेडायचे कोणी?

भिवापूरच्या मिरचीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण पीक उभे करण्याचा खर्च आधी आणि पैसा नंतर, हे गणित बदललेले नाही. मध्येच घरचा कर्ता पुरुष गेला की देणेकरी मुलाच्या दारात येतात. "बापाचे घेतले, आता तू दे." मुलगा घाबरून होकार देतो. कायदा काय म्हणतो, ते पाहू.

हयात वडिलांचे, भावाचे किंवा पत्नीचे कर्ज केवळ नात्यामुळे कोणावर येत नाही. जामीन म्हणून सही केली असेल किंवा दुकानात भागीदार म्हणून नाव असेल, तर गोष्ट वेगळी. जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः मूळ कर्जदाराएवढीच असते आणि भागीदारीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदाराला संपूर्ण रकमेपर्यंत धरता येते. नावापुरते भागीदार करून घेण्याची आपल्याकडची हौस म्हणूनच महागात पडते.

मृत्यूनंतर काय? मुस्लिम कायद्याप्रमाणे मयताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशापर्यंतची वसीयत आणि उरले ते वारसांचे. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, हे पुष्कळ घरांत विसरले जाते. मात्र वारसदार स्वतःच्या खिशातून देणे लागत नाही. मयत माणूस काही न सोडता गेला, तर देणेकऱ्याच्या हाती काही लागत नाही. १८८५ च्या जाफरी बेगम खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कर्ज असले तरी वारसा मृत्यूच्या क्षणीच वारसांकडे जातो. वाटणी झाल्यावर मात्र प्रत्येक वारस आपल्या हिश्श्याच्या प्रमाणातच कर्जाला बांधील असतो.

उदाहरण घेऊ. दुकान व घर मिळून १२ लाख, कर्ज २ लाख ४० हजार. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणून तिच्या वाट्याला ३० हजारांचे कर्ज. मुलाला १ लाख ४० हजार, मुलीला ७० हजार. मुलाने सर्व रक्कम एकट्याने द्यावी, अशी मागणी टिकणार नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५० व ५२ हेच सर्वधर्मीयांसाठी सांगते : वारसाविरुद्ध वसुली त्याच्या हाती आलेल्या मयताच्या मालमत्तेपुरतीच. हिंदू कुटुंबांत मुलाच्या धार्मिक कर्तव्याच्या आधारे होणारी वसुलीही २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद झाली.

आमची सूचना एवढीच : कर्जाचा कागद पाहिल्याशिवाय काही कबूल करू नये. तारण दिलेली मालमत्ता असेल, तर ती वारसाच्या हातीही तारणासहच येते. आणि वडिलांच्या खात्याऐवजी स्वतःच्या नावाने नवी वचनचिठ्ठी लिहून दिली, तर पुढचा देणेकरी थेट तुम्हीच. सावकार परवानाधारक आहे की नाही, हे सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येते.