'के', 'एम', 'बी', 'टी': शून्यांचा हिशेब

मिलियन हा शब्द भिलाईला नवा नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा पोलाद कारखान्याची क्षमता वर्षाला एक मिलियन टन, म्हणजे दहा लाख टन ठरलेली होती. आता नेहरूनगरातल्या घरांतही हाच मिलियन मोबाइलच्या पडद्यावर नुसता 'एम' होऊन येतो. फरक एवढाच, की इथे एक अक्षर चुकले तर निवृत्तीच्या पैशांवर बेतू शकते.

क्रिप्टोच्या बाजारात 'के' म्हणजे हजार, 'एम' म्हणजे दहा लाख, 'बी' म्हणजे शंभर कोटी आणि 'टी' म्हणजे एक लाख कोटी. पन्नास 'के' म्हणजे पन्नास हजार, अडीच 'एम' म्हणजे पंचवीस लाख. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांनी पुढे जातो, तर ही अक्षरे तीन-तीन शून्यांची उडी मारतात. नजर फसते ती इथेच. त्यातून रक्कम बहुधा डॉलरमध्ये असते.

भिलाईतल्या मराठी घरात आणखी एक गंमत आहे. मुले शाळेत हिंदी 'अरब, खरब' शिकतात. अरब आणि आपला अब्ज एकच, शंभर कोटी. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला खर्व हा हजार कोटींचा, तर हिंदीतला खरब दहा हजार कोटींचा. आजोबा आणि नातू एकच शब्द बोलत आहेत असे वाटते, हिशेबात मात्र दहापट अंतर! 'टी'ला 'लीलावती'त महापद्म म्हणतात.

आलेखावरचा 'एम' तर वेगळाच. तिथे लहान लिपीतला 'एम' मिनिट दाखवतो आणि मोठ्या लिपीतला महिना.

शिबा इनू या नाण्याची गोष्ट याबाबतीत बोलकी आहे. २०२० मध्ये ते निघाले तेव्हा त्याची संख्या होती एक हजार 'टी'. त्यातली निम्मी नाणी इथेरियमचे संस्थापक विटालिक बुटेरिन यांच्या खात्यात पाठवली गेली. मे २०२१ मध्ये त्यांनी त्यांपैकी सुमारे ५० 'टी', म्हणजे ५० लाख कोटी नाणी भारताच्या कोविड मदत निधीला दिली. कागदावर किंमत होती सुमारे एक 'बी' डॉलर. बातमी फुटताच भाव कोसळला. इतकी नाणी एकदम विकायला काढली तर घेणारे आणायचे कुठून?

पैशाच्या कितीतरी लहान अंशात मिळणारे हे नाणे 'एक दिवस रुपयाला जाईल' या आशेने लोक आजही घेतात. आता गुणाकार करून पाहा. बाजारात सुमारे ५८९ 'टी' नाणी आहेत. प्रत्येक रुपयाला गेले तर एकूण किंमत ५८९ लाख कोटी रुपये होईल. भारताचे २०२४-२५ चे सगळे देशांतर्गत उत्पादन सुमारे ३३० लाख कोटींचे होते! याउलट बिटकॉइनची संख्या कधीच २१ 'एम'च्या, म्हणजे दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जाणार नाही. म्हणून एका नाण्याचा भाव स्वस्त की महाग, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. भावाला नाण्यांच्या संख्येने गुणावे आणि येणारा आकडा लाख-कोटीत कागदावर लिहून काढावा.

सरकारचा आकडा मात्र साधा आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.