यंत्राची पारख

पाचोरा आणि जामनेर या गावांना जोडणारी छोटी आगगाडी २०२० सालापर्यंत धावत असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट होते. पाचोऱ्यावरून मुंबई–भुसावळ हा मोठा लोहमार्गही जातो. त्याच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट आहे. त्यामुळे मोठ्या मार्गावरील डबा कितीही भक्कम असला, तरी तो जामनेरच्या रुळांवर चालत नसे. उतारूंना पाचोऱ्यास गाडी बदलावी लागे. दोष डब्यात नव्हता, रुळांतही नव्हता. दोहोंचा मेळ नव्हता, एवढेच.

संगणकाच्या बाबतीतही असाच मेळ पाहावा लागतो. पडदा, कळफलक, छपाईयंत्र इत्यादी भागांना यंत्रसामग्री म्हणतात. या सर्वांकडून काम करून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली असे नाव आहे. विंडोज ही पुष्कळांच्या परिचयाची कार्यप्रणाली होय. तिच्या दहाव्या आवृत्तीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अकराव्या आवृत्तीच्या अटी अनेक जुन्या संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. मग शाळेतील धडधाकट संगणक भंगारात घालावयाचे काय?

येथे लिनक्स ही मुक्त प्रणाली उपयोगी पडते. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लोकांपुढे ठेवला. ती कोणासही वाचता येते, सुधारता येते व इतरांना देता येते. तिच्याच आधारे आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली असून तीत मराठीचीही सोय आहे.

तथापि, नवी प्रणाली घालण्यापूर्वी परीक्षा करणे अगत्याचे आहे. खानदेशात अहिराणी बोलणारी आजी आणि परमुलुखातील पाहुणा यांच्यामध्ये एखादा नातू दुभाष्या होतो. त्याचप्रमाणे यंत्राचा भाग आणि प्रणाली यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची छोटी आज्ञावली दुभाष्याचे काम करते. ज्या निर्मात्याने आपल्या भागाची माहिती खुली केली, त्याच्या भागासाठी दुभाष्या सहज मिळतो. ज्याने ती गुप्त ठेवली, त्याचा भाग चांगला असूनही मुका राहतो. वाय-फाय आणि छपाईयंत्र यांच्या बाबतीत ही अडचण विशेष येते.

परीक्षेची रीत सोपी आहे. लिनक्सची प्रत एका पेनड्राइव्हवर तयार करून संगणक त्यावरूनच सुरू करावा. प्रणाली कायमची बसविण्याचा पर्याय निवडला नाही, तर आतील जुनी प्रणाली जशीच्या तशी राहते. आता एकेक भाग तपासावा. पडदा स्पष्ट दिसतो काय? आवाज येतो काय? वाय-फाय जोडले जाते काय? कागद छापला जातो काय? प्रत्येक उत्तर वहीत टिपून ठेवावे.

एखादा भाग मुका राहिला, तर त्याची ओळख पटवावी. संगणकाच्या बहुतेक भागांत दोन क्रमांक नोंदलेले असतात : एक निर्मात्याचा, दुसरा त्या भागाचा. ‘एलएस-पीसीआय’ ही आज्ञा दिली असता आतील भागांची, आणि ‘एलएस-यूएसबी’ ही दिली असता यूएसबीने जोडलेल्या भागांची यादी पडद्यावर येते. याच क्रमांकांवरून प्रणाली आपला दुभाष्या निवडते, आणि आपणांसही त्यांवरून तो भाग लिनक्सवर चालतो की नाही, हे शोधता येते.

एका मुक्या भागासाठी सारा संगणक टाकून देऊ नये. वाय-फायचा भाग चालत नसेल, तर लिनक्सवर चालणारा दुसरा छोटा भाग बाहेरून जोडता येतो. सर्व परीक्षा उतरल्यावर महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत काढावी, आणि मगच नवी प्रणाली बसवावी. वस्तू निरुपयोगी ठरविण्यापूर्वी तिची नीट पारख करणे, हाच काटकसरीचा खरा मार्ग होय.