साझरॅक: मूळची व्हिस्की की बदलीची?

न्यू ऑर्लिन्सच्या साझरॅक या कॉकटेलची कुळकथा आता पाठ झाल्यासारखी सांगितली जाते. आंत्वान पेशो या औषध विक्रेत्याने अंड्याच्या कपात कॉन्यॅक आणि स्वतःचे बिटर्स मिसळून पहिले कॉकटेल पाजले. पुढे फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे फस्त केले, कॉन्यॅक मिळेनासे झाले आणि नाइलाजाने अमेरिकी राय व्हिस्की आली. या कथेने राय कायमची बदलीवर आलेली ठरते. हा तिच्यावर अन्याय आहे, कारण कागदोपत्री पुरावा वेगळेच सांगतो.

पहिल्या कॉकटेलचा दावा तारखांपुढेच टिकत नाही. दारू, साखर, पाणी आणि बिटर्स म्हणजे कॉकटेल, अशी व्याख्या न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वृत्तपत्राने १८०६ साली छापली, तेव्हा पेशो लहान मूल होता. या दंतकथेला बळ दिले ते स्टॅनली क्लिस्बी आर्थर यांच्या १९३७ च्या पुस्तकाने. कॉन्यॅकची गोष्टही तशीच. बारटेंडर विल्यम बूथबी यांनी १९०८ मध्ये साझरॅकची कृती छापली ती शहरातल्या साझरॅक बारचे मालक थॉमस हँडी यांच्या नावावर, आणि तीत चांगली व्हिस्की घ्यायला सांगितले आहे. इतिहासकार डेव्हिड वाँड्रिच यांनीही व्हिस्कीचाच पक्ष लावून धरला आहे. यावर कोणी म्हणेल, साझरॅक हे नाव तर एका कॉन्यॅकचेच. खरे आहे, पण ते कॉन्यॅक जिथे विकले जाई त्या बारला ते नाव आधी मिळाले, आणि बारवरून त्याच्या गाजलेल्या पेयाला. मधली पायरी गाळली की घोटाळा होतो. त्या फ्रेंच वळणाच्या शहरात ब्रँडीची कॉकटेल होत असणारच, आणि आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत साझरॅक आजही कॉन्यॅकचाच आहे. तो चवीला मऊ लागतो, चांगलाही लागतो. पण त्यावरून मूळ पेय कोणते हे ठरत नाही.

चवीचा दाखला मला तितकाच मोलाचा वाटतो. अमेरिकी राय व्हिस्कीच्या धान्यात निदान ५१ टक्के राय असावी लागते. तिचा मिरमिरीत तिखटपणा या पेयातल्या अॅबसिंथच्या बडीशेपी वासासमोर दबत नाही. दोन आखूड ग्लास घ्यायचे. एकात बर्फ भरून तो गार होऊ द्यायचा. दुसऱ्यात साखरेच्या एका क्यूबवर पेशो बिटर्सचे तीन डॅश द्यायचे. क्यूब लाल होऊन ढासळू लागला की चेचायचा, ६० मिली राय ओतायची आणि बर्फ घालून चमच्याने ढवळायचे. शेकरमध्ये घुसळले की पेय गढूळ होते. मग पहिला ग्लास रिकामा करून चमचाभर अॅबसिंथने आतून खंगाळायचा आणि उरलेले ओतून द्यायचे. अमेरिकेत १९१२ मध्ये अॅबसिंथवर बंदी आली. १९३४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्येच सुरू झालेल्या हर्बसेंट या बडीशेपी मद्याने ती जागा घेतली. इथे बदली खरोखरच झाली, तीही सरकारी हुकमाने. आता व्हिस्की खंगाळलेल्या ग्लासात गाळायची, बर्फ न घालता. शेवटी पिवळ्या, जाड सालीच्या लिंबाची साल वर पिळायची. आपल्या कागदी लिंबाच्या पातळ सालीतून तेवढे तेल उडत नाही. ही साल ग्लासात सोडावी की नाही, यावर बारटेंडरांत मतभेद आहेत. माझ्या मते सोडू नये: पेयात पडून राहिली की तिचा वास अॅबसिंथवर कुरघोडी करतो.