नावाची पाकिटं घरी बनवताना



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नसराई सुरू होते, ती आषाढी एकादशीपर्यंत चालते. दर लग्नाला दुकानातून पाकीट आणायचं, मांडवात कुणाचा तरी पेन मागायचा आणि मांडीवर पाकीट धरून नाव लिहायचं. ते अक्षर लागलं नाही, तर आहेराच्या वहीत आपला आहेर भलत्याच नावावर चढतो. म्हणून घराचं नाव आणि गाव छापलेल्या 25-50 पाकिटांच्या गठ्ठ्याला गिऱ्हाईक मिळू शकतं. "हे आम्हाला घरी जमंल का?" असं बैठकीत विचारता, त्याचं हे उत्तर.

साध्या पाकिटांच्या नादी लागू नका. ती कारखान्यातून गठ्ठ्यानं येतात, त्या भावात आपली मजुरी निघत नाही. आपल्याला पैसे मिळतात ते नावाचे. आणि धोका पण नावातच आहे: चुकलेलं किंवा न नेलेलं पाकीट दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

आधी माप बघू. पाचशेची नोट 15 सेंमी लांब आणि 6.6 सेंमी रुंद असते. ती घडी न घालता बसावी म्हणून तयार पाकीट 18 बाय 8.5 सेंमीचं ठेवा. ए-फोर कागद आडवा ठेवला की त्यात एक पाकीट निघतं. खालून दीड सेंमीची चिकटवायची पट्टी, तिच्यावर 8.5 सेंमीची पुढची बाजू, तिच्यावर 8.3 सेंमीची मागची बाजू. मागची बाजू दोन मिलिमीटर कमी ठेवली की कडेला कागद बाहेर डोकावत नाही. पुढच्या बाजूला डावीकडं दीड सेंमीची बुडाची पट्टी आणि उजवीकडं साडेतीन सेंमीचं झाकण सोडा. पट्ट्यांचे कोपरे थोडे तिरके कापा. हे सगळं एकदा जुन्या पुठ्ठ्यावर आखून साचा करून ठेवा, म्हणजे दर वेळी पट्टी घेऊन बसायला नको.

कागद 100 ते 120 जीएसएमचा घ्या. झेरॉक्सच्या पातळ कागदातून आतली नोट दिसते. घडी घालायच्या आधी स्टीलची पट्टी लावून रिकाम्या बॉलपेननं रेघ दाबा, मग घडी सरळ बसते. फेविकॉल अगदी पातळ लावा, जास्त झाला की कागद सुरकुततो. चिकटवलेली पाकिटं अर्धा तास पोळपाटाखाली दाबून ठेवा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर लागते. ऑर्डरीच्या मालाला वापरू नका.

छपाई आधी, कापणी नंतर. काळ्या शाईत नाव नको, लग्नघरी काळं चालत नाही. कुंकवाचा लाल किंवा मरून बरा. घडीवर नक्षी घेऊ नका, तिथं छपाई तडकते. इंकजेटची शाई ओल्या हाताला लागते, म्हणून वाळल्याशिवाय गठ्ठा बांधू नका. नाव युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करून घ्या. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की जोडाक्षरं फुटतात. 'कऱ्हाळे', 'सूर्यवंशी' अशा आडनावांचं तर हमखास काहीतरी होतं.

एक पाकीट पूर्ण करून गिऱ्हाइकाला दाखवा. त्यावरच "बरोबर आहे" असं लिहून सही घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. नात्यातलं गिऱ्हाईक असलं तरी. तिथंच जास्त पैसे अडकतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेत, लोह्याच्या बाजारातले भाव विचारून तुमचे भरा. 100 पाकिटांसाठी दर नगाला कागद 2 रुपये, छपाई 5, फेविकॉल 50 पैसे: झाले 750. दहा कागद वाया जाणारच, त्याचे 70. तासाला 20 पाकिटं धरली तर पाच तास, आणि नाव जुळवणं, जाणं-येणं दोन तास. सात तासांची मजुरी 50 रुपयांनी 350. एकूण 1170, म्हणजे एक पाकीट 11 रुपये 70 पैशाला पडलं. "दहा रुपयाला देऊन टाकू" म्हणणाऱ्या ताईनं कागदाचे पैसे काढले, पण स्वतःच्या मजुरीतले 170 रुपये गिऱ्हाइकाला दिले. 15 रुपयाला विकलं तर मजुरी जाऊन 330 रुपये उरतात.

प्रिंटरसाठी गटातून कर्ज लगेच उचलू नका. पहिल्या काही ऑर्डरी झेरॉक्स सेंटरवरच छापा. समजा 15,000 चा प्रिंटर घेतला आणि गटाचं व्याज महिना शेकडा दोन असलं, तर महिन्याला 300 रुपये नुसतं व्याज. घरी छपाई स्वस्त पडेल हे खरं, पण वरच्या हिशोबानं 90 पाकिटांवर उरलेला पैसा व्याजातच जातो, आणि चातुर्मासात लग्नं नसली तरी हप्ता थांबत नाही.