नोंदणीचे दार बंद करताना

मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ नावाचा मुक्तस्रोत आराखडा, म्हणजे नवी प्रणाली पायापासून न लिहिता ज्यावर ती उभारता येते असा तयार सांगाडा, विकसित केला असून जमाखर्च व मालसाठा सांभाळणारी ‘ईआरपीनेक्स्ट’ ही प्रणाली त्यावरच चालते. अशा प्रणालीच्या लॉगिन पानावर ‘साइन अप’ हा दुवा खुला असल्यास ईमेल पत्ता देऊन कोणालाही खाते उघडता येते. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीसारख्या गावात एखाद्या कृषी सेवा केंद्राने ती बसवली, तर वापरणारी माणसे मोजकी असतात आणि त्यांची खाती मालकानेच उघडून द्यायची असतात. परक्यासाठी नोंदणीची वाट ठेवण्याचे तेथे काहीच प्रयोजन नसते. फ्रॅपेमध्ये ती वाट बंद करण्यासाठी ‘वेबसाइट सेटिंग्ज’मधील साइन अप बंद करणाऱ्या चौकटीत खूण करावी लागते.

केवळ दुवा दिसेनासा करणे म्हणजे पाटी काढून दार उघडेच ठेवणे होय, कारण नोंदणीची विनंती पान न उघडताही थेट सर्व्हरकडे, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या मुख्य संगणकाकडे, पाठवता येते. फ्रॅपेत ही खूण केल्यावर ती विनंती सर्व्हरच नाकारतो. जँगो या दुसऱ्या आराखड्याच्या मूळ संचात तर सार्वजनिक नोंदणीचे पानच नसते, आणि ही रचना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. गूगलसारख्या बाहेरच्या खात्याने प्रवेश देण्याची सोय चालू असेल, तर तिच्यातून नवी खाती तयार होतात का, हे वेगळे तपासावे लागते. आधी उघडलेली खातीही या खुणेने बंद होत नाहीत. यादी पाहून ती निष्क्रिय करावी लागतात.