साच्याची किंमत

दौलताबादचा किल्ला पाहायला आलेला माणूस मेंढा तोफेपाशी हमखास थांबतो. खंदक ओलांडण्याआधी, अलीकडच्या बुरुजावर ती ठेवलेली आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके घडवलेले आहे म्हणून लोकांनी दिलेले नाव मेंढा. फारसी नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या नातवाला घेऊन मी तिथे उभा होतो. अकरा वर्षांचा पोरगा. त्याने तोफेला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, ‘‘आजोबा, हिचा साचा कुठे ठेवलाय?’’

मी म्हटले, साचा नाही. अशी तोफ ओतायची म्हणजे मातीचा साचा करायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा, निवला की साचा फोडून तोफ बाहेर काढायची. एका साच्यात एकच तोफ.

‘‘आणि दुसरी पाहिजे असली तर?’’

‘‘पुन्हा पहिल्यापासून माती कालवायची.’’

त्याला हे काही पटले नाही. इतका खटाटोप करून केलेला साचा फोडायचा कशाला, जपून का नाही ठेवायचा, असे तो उतरताना दोनदा म्हणाला. त्याला काय ठाऊक की याच किल्ल्याच्या परिसरात एक पत्र्याची शेड आहे, तिथे साचा जीवापाड जपतात आणि त्यातून निघालेला माल हजारांनी विकून टाकतात. त्या शेडच्या एका जुन्या फाइलवर माझी सही आहे. ती सही काही अभिमानाने सांगावी अशी नाही.

१९९१ साली मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका बँकेच्या शाखेत कर्ज विभागात होतो. वाळूजला १९८५मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग आसपासच्या गावांत लहानमोठी वर्कशॉप उगवू लागली. स्कूटर एका छपराखाली तयार होते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिचे आरसे एकीकडून येतात, केबली दुसरीकडून आणि कुलपे तिसरीकडून. मोठ्या कारखान्यात त्यांची गाठ पडते. आमच्या शाखेत रोज असा एखादा तरी गृहस्थ बगलेत फाइल धरून येत असे. त्यांतलेच एक भाऊ. (कामगार त्यांना भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो.) आयटीआय झालेले, पिंपरीला एका टूलरूममध्ये काही वर्षे हात काळे केलेले आणि गावाच्या ओढीने परत आलेले. स्कूटरच्या हँडलला जे कुलूप असते त्याचे जस्ताचे अंग ते ओतून देत. अर्ज होता चार लाखांचा.

पाहणीला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. मे महिना, डोक्यावर पत्रे, त्यात भट्टी. भाऊंनी मला मशीनपाशी उभे केले. एका बाजूला जस्ताने भरलेले लोखंडी भांडे, त्यातला रस पाऱ्यासारखा चकाकत होता. त्या रसात एक वाकडी नळी बुडालेली असते. तिला गूजनेक म्हणतात, हंसाच्या मानेसारखा बाक असतो म्हणून. वरून दट्ट्या खाली आला की रस त्या मानेतून वर चढतो आणि तोटीतून पोलादी साच्यात घुसतो. साच्याला इथे डाय म्हणायचे. डायची दोन अर्धुके असतात, एक स्थिर आणि एक सरकणारे, आणि रस आत जाताना ती उघडू नयेत म्हणून त्यांना कित्येक टनांच्या जोराने आवळून धरलेले असते. डायच्या पोटातून पाणी फिरते, त्यामुळे रस डोळ्याचे पाते लवायच्या आत थिजतो. अर्धुके उघडतात, मागच्या पिना माल ढकलून बाहेर काढतात, कामगार पकडीने तो उचलून ट्रेमध्ये टाकतो की पुन्हा धाड्‌. मिनिटाला पाचसहा वेळा.

बाहेर येते ती एक डहाळी असते. मधल्या देठाला चार फळे लागावीत तशी चार कुलपांची अंगे. फळे तोडून घ्यायची आणि देठ पुन्हा भांड्यात टाकायचा. घरच्या बायका कणकेच्या कडा कापून पुन्हा गोळ्यात मिसळतात, तसेच.

‘‘जस्तच का?’’ मी विचारले. भाऊ म्हणाले, ‘‘साहेब, जस्त गरीब आहे. लोखंडाला खात नाही.’’ याचा अर्थ मला पुढे वाचून कळला. शुद्ध जस्त ४१९ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, ओतकामाची मिश्रधातू त्याच्याही आधी, ३८०च्या पुढेमागे. म्हणून लोखंडी नळी, लोखंडी दट्ट्या त्या रसात बुडवून ठेवता येतात. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात, शिवाय त्याचा रस लोखंड कुरतडतो. तेव्हा ते वेगळ्या भट्टीत वितळवून दर खेपेला पळीने मशीनमध्ये घालावे लागते. वाळूजला १९८५मध्येच सुरू झालेली एन्ड्युरन्स ॲल्युमिनियमच्या अशाच कामावर पुढे केवढी तरी मोठी झाली. पण ॲल्युमिनियमची डाय लाखभर शॉटांनंतर थकते, जस्ताची नीट सांभाळली तर दहा लाखही मारते. भाऊंचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे होते.

जस्त गरीब खरे, पण खनिजातून बाहेर काढायला मात्र महाबिलंदर. खनिजापासून ते सुटे व्हायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि ते स्वतः ९०७ अंशांलाच उकळते. म्हणजे सुटताक्षणी वाफ होऊन पसार. ही वाफ पकडायची युक्ती उदयपूरजवळच्या जावरच्या लोकांनी सात-आठशे वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या टांगायच्या, नळ्या खाली सोडायच्या, वाफ खालच्या गारव्यात उतरली की तिचे जस्त. अशा मुशींचे ढीगच्या ढीग तिथे आजही आहेत. इंग्लंडात विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. आमच्या मुलखाचीही जस्ताशी ओळख जुनी. १३४७ साली याच दौलताबादला बहमनी राज्याची द्वाही फिरली. पुढे त्यांची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली आणि बिदरी काम जगभर झाले. त्या काळ्याभोर सुरया, ज्यांवर चांदीची वेलबुट्टी असते, त्या मुळात जस्ताच्याच, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. त्यांचा साचाही मातीचा, फोडायचा.

तर भाऊंच्या फाइलकडे वळतो. मशीन नजरगहाण ठेवता येत होते, त्याची किंमत बिलावर होती. प्रश्न आला दोन डायचा. भाऊंनी त्या पासष्ट-पासष्ट हजारांच्या दाखवल्या होत्या. उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे ठोकळे, आत कुलपाच्या अंगाची उलटी आकृती कोरलेली, प्रत्येक कड केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकाने बसवलेली. डायमेकरची कित्येक महिन्यांची मेहनत होती. मी त्या उचलून पाहायचा प्रयत्न केला, उचलल्या नाहीत. मग शाखेत परत येऊन नोट लिहिली: डाय हे विशिष्ट ग्राहकाच्या विशिष्ट मॉडेलपुरते हत्यार आहे, मॉडेल बदलल्यास बाजारात मूल्य शून्य, सबब पोलादाच्या भंगार भावाने मूल्यांकन करण्यात यावे. चार लाखांचे सव्वादोन झाले. व्यवस्थापकांनी नोटेचे कौतुक केले.

नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मॉडेल बदलते आणि डाय लोखंड होते, हे खोटे नव्हे. पण मला आजही टोचते ते वेगळ्याच कारणाने. त्याच वर्षी माझी पहिली कादंबरी एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवून छापली जात होती. संध्याकाळी मी प्रुफे पाहायला जाई. जुळारी खिळ्यांची पेटी पुढे घेऊन बसलेला असे आणि मला अक्षरांच्या वळणाबद्दल बोलायला फार आवडे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींची अक्षरे एवढी देखणी का, तर त्यांच्या पंचांवर आणि मातृकांवर अपार मेहनत घेतलेली होती, असे मी चार लोकांत ऐटीत सांगत असे. मातृका म्हणजे दुसरे काय? ज्या साच्यात खिळा ओततात तो साचा. डाय कास्टिंगची विद्या जन्मली तीच मुळी छापखान्याच्या पोटी. अमेरिकेत डेव्हिड ब्रूसने १८३८ साली खिळे ओतण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तिथून एकेक पायरी चढत ती कुलपांपर्यंत आणि नळाच्या मुठींपर्यंत आली. संध्याकाळी मातृकेचे गोडवे गाणारा माणूस सकाळी तिला भंगाराचा भाव लावत होता आणि या दोन माणसांची एकमेकांशी ओळख नव्हती.

सव्वादोन लाखांत भाऊंनी मशीनची दुरुस्ती केली, मजुरी भागवली आणि कच्च्या मालाला पैसे कमी पडले. इथे थोडे समजावून सांगायला हवे. ओतकामाच्या या मिश्रधातूत शेकडा चार भाग ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम आणि बाकी जस्त असते. ते जस्त ९९.९९ टक्के शुद्ध लागते. शिसे किती चालते? एका टनात पन्नास ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोन-तीन चमच्यांचे वजन. त्याहून जास्त झाले तर माल ओतताना दिसतो उत्तम. पण दमट उष्ण हवेत महिने गेले की धातूच्या कणांच्या सांध्यांत ओल शिरते, तो फुगतो, तडकतो, शेवटी बिस्किटासारखा मोडतो. युरोप-अमेरिकेत १९२०च्या दशकात बनलेली कितीतरी खेळण्यातली आगगाडीची इंजिने अशीच भुगा झाली. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्त वापरून नवी मिश्रधातू आणली, तिचे नाव झामॅक. जर्मन भाषेतल्या जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे या शब्दांची आद्याक्षरे. तेव्हापासून जाणता कारखानदार भंगार जस्ताला हात लावत नाही.

भाऊ जाणते होते. तरी त्यांनी भंगार घेतले. जुन्या कार्ब्युरेटरची अंगे, मोडकी हँडले, त्यांत कुठे डाग दिलेला, कुठे बॅटरीचे तुकडे मिसळलेले. शुद्ध विटांत थोडे थोडे मिसळून दोन महिने काम चालवले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या मालाची कुलपे करणाऱ्या ठेकेदाराचा निरोप आला. गोदामातल्या कुलपांत किल्ल्या फिरेनात. अंगे किंचित फुगली होती. ठेकेदाराने उरलेल्या मालातले नमुने दहा दिवस वाफेत ठेवून पाहिले आणि सगळी पोती टेम्पोने परत पाठवली. मी हप्ता थकला म्हणून शेडवर गेलो तेव्हा ती दारात पडलेली होती. भाऊंनी एक अंग माझ्या हातावर ठेवले. वरून गुळगुळीत, आणि अंगठ्याने दाबले तर काठ तुटला.

त्यांनी दोन मशीनांपैकी एक विकले. कर्ज फेडले, व्याजासकट, पाच वर्षांत. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी पेढे आणले होते. त्या नोटेबद्दल मी बोललो नाही, पुढे माझी बदली झाली.

किल्ल्यावरून उतरल्यावर नातवाला घेऊन मी त्या शेडवर गेलो. पत्रे नवे आहेत, मशीन नवे आहे. आता भाऊंचा मुलगा पाहतो सगळे. जुनी कामे बहुतेक गेली. २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-६ आले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. ते काम कधीकाळी या शेडमध्येही होते. आता नळाच्या मुठी, कपाटांच्या कड्या, विजेच्या जोडणीचे लहान भाग निघतात. भाऊ खुर्चीवर बसून माल निवडत होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

चहा होईपर्यंत मी धीर करून त्या नोटेचा विषय काढला. ते हसले. ‘‘वाचली होती की मी, साहेब. फाइल उघडी टाकून तुम्ही फोन घ्यायला आत गेला होतात.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘भंगार मी आणलं. तुम्ही थोडंच आणलंत?’’ यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. माझे मत असे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ते मी त्यांना सांगितले नाही.

नातू तोवर मागच्या मांडणीपाशी पोचला होता. तिथे ग्रीस फासून, मेणकागदात गुंडाळून डाय ओळीने ठेवल्या आहेत. मुलाने एक उघडून दाखवली. कुलपाचीच, पहिल्या दोघींतली. ती अजून चालते हे ऐकून मी चकित झालो. जुन्या स्कूटरी जपणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी सुट्या भागांचा एक व्यापारी वर्षातून दोनदा पाचशे-हजार नगांची ऑर्डर देतो. डायच्या कडेला किती शॉट झाले त्याचा आकडा खडूने लिहिलेला होता. पोराने पोकळीत बोट घालून पाहिले आणि मला म्हणाला, ‘‘बघा, इथे जपून ठेवलाय.’’

निघताना भाऊंनी त्याला एक डहाळी दिली, देठासकट, चार फळांची. गाडीत तो ती मांडीवर घेऊन बसला होता. घरी आल्यावर हात धुवायला लावले, ग्रीस काही लवकर निघाले नाही.